मालकाला बोलवा

जमिनीवर मी भित्रा माणूस आहे. माझी सगळी हिंमत ट्रकच्या स्टिअरिंगमागे. वर बसलो की लखनादौनच्या रस्त्यावर आडव्या येणाऱ्या बसवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करतो. पण खाली उतरून एखाद्या टेबलासमोर गेलो, की दोन्ही हात आपोआप पाठीमागे जातात आणि तोंडातून "जी साहब" बाहेर पडतं. बायको म्हणते, "तुमचं सारं बोलणं गाडीतच राहून जाते."

सतरा वर्षं मी दुसऱ्याची गाडी चालवली. सेठ बरा होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या सतरा वर्षांत एक वाक्य जिभेवर असं काही बसलं, की झोपेतून उठवून विचारलं तरी तेच निघावं. "मैं तो ड्राइवर हूं साहब, मालिक से बात कर लो." वजनकाट्यावर, नाक्यावर, गोदामाच्या फाटकावर, कोणी आवाज चढवला की मी हे वाक्य काढायचो. हे वाक्य म्हणजे ड्रायव्हरची छत्री. वरून कितीही बरसू दे, आपण कोरडे.

मग चार वर्षांपूर्वी बाबा फॅक्टरीतून निवृत्त झाले. आमचं घर जबलपूरच्या घमापुरात. आजोबा भंडाऱ्याकडून इथे फॅक्टरीत लागले, त्यांच्यामागे बाबा लागले, आणि मी भोंग्याच्या वेळा पाळणार नाही म्हणून ट्रकवर गेलो. बाबांनी निवृत्तीचा पैसा दोन वर्षं बँकेत ठेवला आणि मग एके सकाळी, चहा पिताना, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "सेकंडहँड गाडी केवढ्याले येते रे?" मी म्हणालो, कोणती, स्कूटर का? "तुले स्कूटर चालवता येते का?" एवढंच म्हणून ते पुन्हा पेपरात शिरले.

अशी आमच्या दारात दहा चाकांची गाडी आली. दारात म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, कारण आमच्या गल्लीत हातगाडीसुद्धा श्वास रोखून वळते. आईने गाडीपुढे मेणबत्त्या लावल्या, वस्तीतल्या बायकांनी त्रिशरण म्हटलं, आणि मी किल्ली हातात घेऊन असा उभा राहिलो जणू सेठनेच गाडी धुवायला पाठवलंय.

आमच्या धंद्यात स्वतःच्या गाडीला दोनच वाटा असतात. एक, गाडी बाजारात चालवायची. म्हणजे ट्रान्सपोर्ट नगरात दलालाच्या दुकानासमोर जाऊन बसायचं, तो जो माल देईल तो भरायचा, आणि तिकडे पोचल्यावर परतीचा माल स्वतः शोधायचा. परतीचा माल हीच खरी डोकेदुखी. जायला सगळे तयार असतात, रिकामी गाडी परत आणणं म्हणजे स्वतःच्या खिशातून जग फिरणं. दुसरी वाट, गाडी कंपनीला लावायची. मोठी ट्रान्सपोर्ट कंपनी करार करते. माल तिचा, रस्ता तिचा, वेळ तिची. गाडी तुमची आणि तुम्ही त्यांचे.

पहिलं वर्ष मी बाजारात काढलं. हिवाळ्यात जबलपूरच्या आसपास मटारचा हंगाम असतो, तेव्हा आमच्यासारख्यांना मागणी. पाटण आणि शहपुऱ्याकडून हिरव्या शेंगांच्या गोण्या भरायच्या आणि सिवनी, खवासा करत नागपूर गाठायचं. ते तीन महिने मी राजा होतो. मग उन्हाळा आला, मग पाऊस. पावसात गाडी अकरा दिवस ट्रान्सपोर्ट नगरात उभी राहिली. दलाल रोज म्हणायचा, "बड्डे, आज शाम तक कुछ करते हैं." जबलपुरात सगळेच एकमेकांना बड्डे म्हणतात, त्यामुळे त्यात आपुलकी किती आणि टाळाटाळ किती हे कळायला वेळ लागतो. मला अकरा दिवस लागले.

एक गोष्ट मात्र त्या वर्षात आपोआप उगवली. माझ्या बायकोचं माहेर नागपूरचं. जबलपुरातल्या आमच्या बहुतेक घरांचं कोणी ना कोणी तिकडे आहे. ट्रकच्या कॅबिनच्या डोक्यावर कठड्याची जागा असते, तिला आम्ही टप म्हणतो. तिथे ताडपत्री आणि दोर ठेवतात. माझ्या टपावर ताडपत्रीच्या शेजारी पिशव्या दिसू लागल्या. तिकडून येताना भिवापुरी तिखट, कुरडया, ज्वारीचं पीठ, कुणाच्या बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. इकडून जाताना शिंगाड्याचं पीठ आणि खव्याची जलेबी, जी मी वाटेत एखादी चाखायचो, हे आता लिहून टाकतो. बायकोने एक वही केली होती. कुणाची पिशवी, कुणाकडे द्यायची, फोन नंबर. दसऱ्याच्या आधी तर वस्तीतून तांदूळ, तेलाचे डबे आणि मोठमोठी पातेली दीक्षाभूमीवरच्या भोजनदानासाठी जायची, तीही माझ्याच गाडीतून. मी कोणाकडून काही घेत नसे. बायका माझ्या हातात चहाचा कप द्यायच्या आणि "भाऊ, सांभाळून न्या जी" म्हणायच्या. सतरा वर्षांत कोणी मला पिशवीबद्दल सांभाळून म्हटलं नव्हतं, सगळे गाडीबद्दल म्हणायचे.

तर अशा त्या पावसाच्या शेवटी कंपनीचं बोलावणं आलं. कटनीकडून सिमेंट भरून उत्तर प्रदेशात टाकायचं, बारा महिने, हमखास. तीन वर्षांचा करार. गाडीला कंपनीचा पिवळा रंग, दारावर कंपनीचं नाव, आत गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र. खासगी सामान न्यायला मनाई. दर चौथ्या दिवशी घरी. ऐकायला इतकं बरं वाटत होतं की मला भीती वाटली.

घरात दोन आठवडे हाच विषय. बाबा पहिल्या दिवसापासून कंपनीच्या बाजूने. "माणसाले ड्युटी पाहिजे. भोंगा वाजला की निघायचं, भोंगा वाजला की घरी. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको." आमच्या पुढच्या खोलीत बाबांचा निवृत्तीच्या दिवसाचा फोटो आहे. गळ्यात हार, हातात नारळ, आणि ते मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसलेत. बसलेत म्हणजे टेकलेत. खुर्चीच्या अगदी टोकावर, कोणी हाक मारली तर उठायला बरं, अशा बेतानं. त्या फोटोखाली बसून ते मला ड्युटीचं महत्त्व सांगत होते.

बायको काहीच म्हणेना. मी चिडून विचारलं, "तुले काय वाटून राहिलं ते सांग ना एकदाचं."

"मले?" ती कणीक मळत होती, हात थांबवले नाहीत. "मले वाटते तुमी चौथ्या दिवशी घरी यावं. पण गाडी मी नाही चालवत. तुमाले काय वाटून राहिलं?"

मी अंगणात जाऊन उगाच चपला सरळ लावल्या. खरं सांगायचं तर मला आतून कंपनी हवीशी वाटत होती, आणि कारण हमखास मालाचं नव्हतं. कंपनी आली की माझी छत्री परत मिळणार होती. माल भिजला, उशीर झाला, कोणी ओरडलं, की कंपनीकडे बोट दाखवायचं. मालक झाल्यापासून बोट दाखवायला कोणी उरलंच नव्हतं. आणि त्याच वेळी नागपूरचा रस्ता सुटणार म्हणून मी बायकोची पिशव्यांची वही चाळत बसायचो. असं माझं तळ्यात-मळ्यात चालू असताना गुरुवार उजाडला. सही गुरुवारी करायची होती.

कंपनीचं ऑफिस मदन महल स्टेशनच्या जवळ, पहिल्या मजल्यावर. करारावर साक्षीदाराची सही लागते म्हणून बाबा सोबत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पण वर यायला तयार होईनात. "बोलावतीन तेव्हा येतो," म्हणाले आणि खाली चहाच्या टपरीपाशी उभे राहिले. गाडी मी रस्त्याच्या कडेला लावली होती, कंपनीच्या माणसाला बघायची होती म्हणून.

वर गेलो. टेबलामागे मुनीम होता, माझ्याच वयाचा. गाडीचे कागद चाळले, खिडकीतून खाली गाडी पाहिली, समाधानाने मान हलवली. "गाड़ी अच्छी रखी है." मी म्हणालो, "जी." हात पाठीमागे. त्याने कराराचे कागद टेबलावर सरळ केले, जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आणि म्हणाला, "चलो, मालिक को बुला लो. साइन हो जाए."

मी म्हणालो, "जी, अभी बुलाता हूं."

आणि मी निघालो. जिना उतरलो. रस्त्यावर आलो. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मी खरोखरच मालकाला शोधत होतो. गाडीपाशी पोचलो, बोनेटवर हात ठेवला, इंजिन अजून गरम होतं, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हसू यायला पाहिजे होतं. पण मला रडू आलं. भर दुपारी, स्टेशनच्या रस्त्यावर, पंचेचाळिशीचा माणूस स्वतःच्या ट्रकला टेकून नाक पुसतोय. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाबा टपरीवरून आले. "झालं का?"

"नाही."

"मंग? मले बोलावलं का?"

"नाही. मालकाले बोलावून राहिले."

"कोणता मालक?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग वरच्या खिडकीकडे. त्यांना समजायला दोन घोट चहाचा वेळ लागला. वाटलं, आता शिव्या बसतील. बाबांचा राग घमापुरात प्रसिद्ध आहे, पोरं त्यांची सायकल दिसली की क्रिकेट थांबवायची. पण ते ओरडले नाहीत. ग्लास टपरीवाल्याला परत दिला, रुमालाने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाले, "तू उभा होता का आत?"

"हो."

"खुर्ची होती?"

"होती. दोन होत्या."

"आमच्या साहेबाच्या केबिनीतबी दोन होत्या." ते गाडीच्या चाकाकडे बघत बोलत होते. "छत्तीस वर्षं मी त्या दोन खुर्च्या पाहून राहिलो. मले वाटे, ह्या कोणासाठी असतीन? मी साऱ्या उमरीचा पैसा तुले गाडी चालवाले नाही देल्ला बाप्पा. गाडी तं तू चालवतच होता. जा, वर जा. बसून बोल. सही करतो का नाही करत, मी काही नाही म्हणत आता. पण बसून बोल."

ज्या माणसाने दोन आठवडे ड्युटी ड्युटी म्हणून माझं डोकं खाल्लं, त्याने हे म्हणावं! मला बाबांना मिठी मारावीशी वाटली. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्यांच्या शर्टावर चहाचा थेंब पडला होता तो दाखवला.

पुन्हा वर गेलो. मुनीमाने माझ्यामागे दाराकडे पाहिलं. "मालिक?"

मी खुर्ची ओढली. तिचा फरशीवर इतका मोठा आवाज झाला की शेजारच्या टेबलावरच्या बाईने मान वर केली. बसलो. "मैं ही हूं," म्हणालो.

मुनीम जो हसला! "अरे भैया, पहले बोलना था!" त्याने चहा मागवला. माणूस बरा होता, थट्टा करून सोडून दिलं. मी करार हातात घेतला आणि पहिल्यांदा पूर्ण वाचला, एकेक ओळ, बोट ठेवून. चहा थंड झाला. मग मी दोन गोष्टी विचारल्या. मटारच्या हंगामात गाडी मला मोकळी मिळेल का? नाही. दसऱ्याला तीन दिवस, नागपूरला जाण्यापुरती? मुनीमाने मान हलवली. "एक को छूट दी तो सब मांगेंगे. आप ही बताइए." खरं होतं ते. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. त्याची काही चूक नव्हती आणि करारातही काही खोट नव्हती. फक्त तो करार त्या माणसासाठी होता, जो मघाशी मालकाला शोधायला खाली गेला होता.

"नहीं जमेगा," मी म्हणालो. आवाज थोडा फाटला, पण निघाला.

खाली बाबा खिशातलं पेन हातात घेऊन तयार उभे होते. मी सही नाही केली म्हटल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "चाल मंग."

खरं संकट घरी होतं. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते न बोललेलं परवडलं असतं. "काहून नाही केली सही? मी म्हटलं का नका करू म्हणून? खुर्चीवर बसले म्हणून काय चूल पेटते का?" तिचं बरोबर होतं. परतीच्या मालाचा प्रश्न जिथल्या तिथे होता. त्या आठवड्यात गाडी पुन्हा ट्रान्सपोर्ट नगरात उभी राहिली, दलाल पुन्हा "शाम तक" म्हणू लागला, आणि मी मनातल्या मनात त्या मुनीमाच्या जिन्याच्या पायऱ्या दहा वेळा चढलो. मोकळं राहण्याची चैन माझ्या एकट्याची होती, काळजी मात्र सगळ्या घरात सारखी वाटली गेली होती. हे मला तेव्हा टोचत होतं आणि अजूनही आठवलं की टोचतं.

मग एका दुपारी घरी आलो तर बायको पिशव्यांची वही पुढे घेऊन फोनवर बोलत होती. एक नंबर झाला की खूण, मग दुसरा. "काकू, तुमच्या तिखटाची पिशवी पोचली होती ना बरोबर? हो जी. बरं मी काय म्हणत होती, तुमच्या नागपुरात कोणी मालवाला हाय का ओळखीचा? आमची गाडी मटार घेऊन येते आन् रिकामीच परत येते." मी दारात उभा राहून ऐकत होतो. तिने मला पाहिलं आणि हातानेच बसायची खूण केली. वहीत शेवटून चौथं नाव होतं एका म्हाताऱ्या बाईंचं, ज्यांच्या लेकीच्या बाळंतपणात मी डिंकाचे लाडू आणले होते. त्यांचा भाऊ नागपूरच्या फळबाजारात संत्र्यांचा अडत्या निघाला. बाई म्हणाल्या, "त्याले मी सांगीन. ज्या माणसानं डबा न उघडता आणला, तो संत्र्याले हात लावणार नाही." माझी मान खाली गेली, कारण त्या डब्यातला एक लाडू कमी होता. पण बायकोने फोन ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो लाडू गिळलेलाच ठेवला. बाईंना मात्र पुढच्या खेपेला अर्धा किलो खव्याची जलेबी दिली, आणि ती मोजून, पूर्ण.

दसऱ्याला वस्तीचे तांदूळ आणि पातेली घेऊन मी नागपूरला गेलोच. तेव्हाच अडत्याशी बोलणं झालं आणि डिसेंबरपासून बेत ठरला. जाताना मटार, येताना संत्री. दलालाच्या दुकानासमोर बसणं संपलं असं नाही, हंगाम संपल्यावर पुन्हा तिथेच जावं लागणार. पण वर्षातले काही महिने तरी आता माझ्या स्वतःच्या हातचे होते.

पहिल्या फेरीला बाबा सोबत आले. कधी नागपूरला ट्रकने गेले नव्हते. खवासाच्या जंगलात त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, मी ओरडलो, त्यांनी आत घेतला. मला ओरडताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. "गाडीत तुले लय बोलता येते रे," म्हणाले.

सकाळी बाजारात पोचलो. मटार उतरले. मग संत्री भरायला अडत्याच्या गाळ्यावर गेलो. गाळ्यात हिशेबनीस बसला होता, त्याने चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिलं. एक पांढऱ्या केसांचा, इस्त्रीच्या शर्टातला. दुसरा अंगावर मटाराचा पाला चिकटलेला. त्याने बाबांना विचारलं, "गाडीचे मालक तुमीच ना जी?"

माझी जीभ अजून पूर्ण सुधारलेली नाही. आजही कोणी मालक म्हटलं की आधी सेठचा चेहरा येतो, मग माझा. मी तोंड उघडेपर्यंत बाबाच म्हणाले, "नाही जी. मालक हा हाय. मी याचा बाप."

हिशेबनीसाने आतून एक खुर्ची आणून माझ्यापुढे ठेवली. मी ती बाबांकडे सरकवली. बाबांनी ती परत माझ्याकडे सरकवली. "तुयी हाय. तू बस."

"तुम्ही बसा."

"अबे बस ना."

असं दोन-तीनदा झालं. शेवटी हिशेबनीस वैतागून उठला आणि आतून दुसरी खुर्ची घेऊन आला. "अहो काका, दोघंही बसा. खुर्च्या हायत इथं."

मी बसलो. बाबा माझ्या शेजारी बसले. आधी टोकावर, त्या फोटोसारखे. मग समोर आमच्या गाडीत केशरी पेट्या एकेक करून चढू लागल्या, आणि त्या बघता बघता बाबा मागे सरकले आणि त्यांनी खुर्चीला पाठ टेकवली.